धुऱ्यावरचं हिरवं झाड

तहानलेल्याला पाणी देण्यापरतं दुसरं पुण्य नाही, असं जगातले झाडून सगळे धर्म सांगतात. यावरून एवढंच सिद्ध होतं, की धर्म सांगणाऱ्यांपैकी एकाचीही काटोलकडे संत्र्याची बाग नव्हती.

पाण्यावरून भांडणं सगळ्याच गावांत होतात. पण इतर ठिकाणी शेजारी पाणी देत नाही म्हणून कुऱ्हाड निघते. आमच्याकडे त्या उन्हाळ्यात निघाली ती शेजाऱ्यानं पाणी दिलं म्हणून. बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती, विहिरींवर विजेच्या मोटरी बसल्या होत्या, आणि पाण्याच्या बाबतीत माणूस आता सुधारला असं आम्ही धरून चाललो होतो.

ज्यांना संत्रं फक्त सोलून ठाऊक आहे त्यांच्यासाठी सांगतो. झाडाला मृगाचा बहार आणायचा, तर भर उन्हाळ्यात त्याचं पाणी तोडावं लागतं. याला ताण देणं म्हणतात. पानं वळतात, झाड पिवळं पडतं, पाहवत नाही. तसंच ठेवायचं. मग मृगाचा पाऊस झाला, की मेलो मेलो म्हणता वाचलो या आनंदात झाड फांदीफांदीला फुलतं. मधेच कोणी पाणी पाजलं, तर ते निवांत होतं, पालवी काढतं आणि फुलायचं विसरून जातं. झाड माणसासारखंच आहे. जिवावर बेतल्याशिवाय कामाला लागत नाही.

रुपरावची बाग मृगाची. धुऱ्याला लागून वामनरावची बाग, ती आंबियाची. आंबियाचा बहार हिवाळ्यात फुलतो, म्हणून उन्हाळ्यात वामनरावच्या झाडांवर लिंबाएवढी हिरवी फळं लटकलेली असत आणि त्यांना पाणी चुकलं की ती पटापट गळत. म्हणजे एकाच महिन्यात एकाला पाणी विष, दुसऱ्याला अमृत, आणि मधे दीड हात रुंदीचा मातीचा धुरा. धुऱ्याच्या पलीकडच्या अंगानं वामनरावचा पाट वाहायचा. बापांच्या वेळेपासून असंच चाललं होतं आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची अखजी, उलटून वैशाख अर्ध्यावर आला असताना एका सकाळी रुपराव बागेत फिरायला गेला. काळ्या रानाला अशा भेगा पडल्या होत्या, की वहाण आत गेली तर पाय एकटाच वर यावा. सगळी झाडं रांगेनं मान टाकून उभी होती. रुपराव समाधानानं त्यांच्याकडे पाहत चालला होता आणि एकदम थबकला. धुऱ्यालगतचं पहिलं झाड, त्याच्या बापानं, धोंडबाजींनी, आपल्या हातानं लावलेलं, ते हिरवंगार होतं. नुसतं हिरवं नाही, शेंड्याशेंड्याला कोवळी पोपटी पालवी घेऊन बसलं होतं.

रुपराव उकिडवा बसला. बुडाशी भेगा नव्हत्या. त्यानं मूठभर माती घेऊन दाबली. मातीचा गोळा झाला.

"वामन्या, इकडे ये."

पलीकडे वामनराव फावड्यानं पाटाचं पाणी वळवत होता. "पाणी चालू हाय माह्यं. तिथूनच बोल."

"हे झाड पाय."

"पाह्यलं. मस्त हाय. बाकीच्याइले काय झालं गा, सुतक हाय का?"

"तुह्या पाटाचं पाणी झिरपून राहिलं धुऱ्यातून. ताण तुटला माह्या झाडाचा."

"पाट आपल्या बापाइच्या वक्ताचा हाय. तवा नाई झिरपलं. आता काय पाण्याले पाय फुटले?"

"आज एक झाड हिरवं झालं. उद्या सारी ओळ होईन, मृगापर्यंत बाग होईन. मंग मी काय पाला इकू काटोलच्या बजारात?"

"इकून पाय. बकऱ्यावाले घेतीन."

वामनराव वाईट माणूस नव्हता. पण समोर एखादं वाक्य तयार दिसलं की ते न बोलता सोडणं त्याला जमत नसे, आणि माझ्या पाहण्यात या रोगानं जेवढी भांडणं झाली तेवढी दारूनंही नाही झाली. रुपराव उठला. तो धुरा ओलांडून पलीकडे गेला, जिथं पाट धुऱ्याला येऊन भिडतो तिथं त्यानं दगड टाकले, वर चिखल थापला, वर बोराट्यांच्या काट्या रचल्या आणि मांडीवर कुऱ्हाड घेऊन पाटातल्या त्या बांधाच्या तोंडाशी बसला.

"पाट बंद. मृग लागला का खोल."

"मृगापर्यंत माह्या झाडावर फळ नाई राहत गा, नुस्ता देठ राहीन."

"देठ इकून पाय."

वामनराव फावडं उचलून मोटर बंद करायला गेला.

बस थांब्यावर गोविंदाचं चहाचं दुकान होतं. कळमेश्वरकडून येणारी गाडी तिथं थांबे आणि गावातली बातमी तिथूनच सुटे. सकाळी बातमी निघाली ती 'रुपरावच्या धुऱ्याले ओल आली' अशी. पिठाच्या गिरणीपर्यंत जाताना धुरा फुटला. मारुतीच्या पारावर वामनरावनं तो रात्री फोडला असं ठरलं. संध्याकाळी ती गोविंदाकडे परत आली तेव्हा तिच्यात दोन डोकी फुटली होती आणि एकाला नागपूरला रामदासपेठेच्या दवाखान्यात नेलं होतं. गोविंदानं ती ओळखली सुद्धा नाही. नवीनच बातमी म्हणून पुन्हा पुढे धाडली.

फक्त एका माणसाला यातलं काही कळलं नाही. ती म्हणजे रुपरावची म्हातारी आई, प्रयागबाई. कारण साधं होतं. गावातली कोणतीही बातमी प्रयागबाईकडे गेली की संपूर्ण गावात जाई. म्हणून रुपरावनं घरात सांगून ठेवलं होतं, "बुढीसमोर चकार शब्द काढू नका, लाऊडस्पीकर हाय ते." आणि विहिरीवरच्या बाया तिच्याच लेकाबद्दल बोलत असल्यानं ती आली की गप्प होत. अशा रीतीनं गावाच्या बातमीदाराला गावातली सगळ्यात मोठी बातमी कळू नये याची दोन्ही बाजूंनी सोय झाली.

तिकडे वामनरावची फळं गळायला लागली. त्याची बायको रुखमाबाई रोज सकाळी गळालेली फळं ओच्यात भरून आणी आणि रुपरावच्या दारात ओती. काही बोलत नसे. रुखमाबाईनं न बोलणं ही गोष्टच अशी होती, की शेजारचे लोक दारात येऊन उभे राहत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुपरावची बायको सिंधू हातात झाडणी घेऊन बाहेर आली.

"काहून वं रुखमाबाई, आमचं आंगण उकिरडा हाय का?"

"उकिरडा नाई. बजार हाय. तुह्या नवऱ्यानं केलेली खरेदी आणून देऊन राहिली."

"माह्या नवऱ्यानं फळाले हात नाई लावला."

"पाण्याले लावला ना. लेकराच्या तोंडातलं दूध तोडावं तसं तोडलं. पाय, लिंबाएवढंच झालं हे फळ, इतक्यात खाली पडलं." रुखमाबाईनं एक हिरवं फळ सिंधूच्या पुढे धरलं. "वर्सभर ह्या झाडायपाशी उभे राह्यलो आम्ही. धाकटा आजारी होता तवाबी माणूस पाण्यावर होता."

"आन आमचा ताण तुटला त आम्ही काय खाऊ? दुसऱ्याच्या घरचं सांगू नोको."

मागून प्रयागबाईचा आवाज आला. "कोन हाय वं? हे हिरवे फळं कोनाचे?"

सिंधू म्हणाली, "काई नाई माय. पोट्टे खेळून राहिले."

"खेळू दे," प्रयागबाई म्हणाली आणि आत गेली. रुखमाबाईनं डोळे पुसले आणि रिकामा ओचा झटकून निघून गेली.

प्रकरण अखेर नानाजींकडे गेलं. नानाजी माजी सरपंच. सरपंचकी गेली होती, पण न्याय द्यायची सवय राहिली होती, आणि गावात अशी माणसं असली की आजूबाजूच्यांना अधूनमधून भांडावं लागतं. पारावर सगळे जमले. रुपराव एका टोकाला, वामनराव दुसऱ्या टोकाला. कुऱ्हाड रुपरावच्या पायाशी होती. वामनरावनंही त्या दिवशी घरून विळा आणला होता. कडबा कापायचा आहे म्हणाला. पारावर कडबा नव्हता.

"रुपराव," नानाजी म्हणाले, "तुले पक्कं वाटते का पाणी वामनचं हाय?"

"तालुक्यात त्याच्याबिगर कोनाचं पाणी माह्या धुऱ्यापाशी हाय सांगा. माही मोटर महिना झाला बंद."

"वामन, तू काय म्हंतो?"

"मी म्हंतो धुरा खंदून पाहा. झिरपलं असन त हातभर खाली माती ओली दिसन, चार दिवसात तेवढ्या खालची ओल सुकत नाई. अंदर ओल निंघाली का मी गप."

रुपराव उठला. त्यानं मारुतीकडे हात केला. "वामनचं पाणी नसन, त मी माह्या हातानं त्याचा पाट खोलीन, माह्या हातानं धुरा फोडीन आन सारी बाग ओली करीन. मारुतीची आन."

ताणाच्या बागेत पाणी सोडायचं म्हणजे वर्षाचा बहार बुडवायचा. सिंधू बायांमधून वाट काढत पुढे यायला लागली. कोणीतरी म्हणालं, "रुपराव, जरा दमानं," पण शपथ अशी चीज आहे, की एकानं घेतली की दुसऱ्याचा हात शिवशिवतो.

"मंग माह्यंबी ऐका," वामनराव म्हणाला. "माह्यं पाणी निंघालं त मृगापर्यंत पाट बंद. एक फळ झाडावर नाई राह्यलं तरी चालन. मारुतीची आन."

मारुतीनं दोन्ही ऐकून घेतलं. त्याला सवय आहे.

नानाजींनी ठरवलं, की खोदायचं ते भर दुपारी. सकाळी खोदलं तर दवाची ओल म्हणायला कोणी मोकळं राहील. वैशाखात आमच्याकडे दव पडत नाही, हे नानाजींना ठाऊक होतं. पण न्याय बारकाईनं दिल्यासारखा दिसला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं, की कावळासुद्धा सावली मोजून बसला होता. अर्धा गाव डोक्याला दुपट्टे गुंडाळून धुऱ्यावर आला. त्या एका झाडाच्या हिरवेपणाकडे लोक असे पाहत होते, जणू ते लग्नाआधी गरोदर निघालं होतं. गोविंदा दुकान बंद करून आला होता, कारण गिऱ्हाईक इथंच होतं.

"खंदा," नानाजी म्हणाले.

दोघा गड्यांनी झाडासमोर धुरा आडवा खोदायला घेतला. टिकावाचा घाव बसे आणि ढेकूळ खणखणत उडे. वीतभर खाली गेले. कोरडं. हातभर गेले. कोरडं. गडी घामानं भिजले. त्या धुऱ्यात तेवढीच ओल होती. नानाजींनी वाकून ढेकूळ उचललं, चुरडलं आणि त्याची धूळ वाऱ्यावर सोडली. धूळ रुपरावच्या तोंडावरून गेली. त्यानं डोळे मिटले नाहीत.

"कोरडं," नानाजी म्हणाले.

"अजून खंदा," रुपराव म्हणाला.

"अजून खंदलं त विहीर लागन," गोविंदा म्हणाला.

रुपरावनं गड्याच्या हातातून फावडं घेतलं. बांधाकडे, त्या बोराट्यांकडे, चालायला लागला. सिंधू आडवी आली. "अहो, नोका करू. वर्साचा बहार हाय. लेकराइकडे पाहा."

"बाजूले व्हय. साऱ्या गावासमोर बोललो मी."

वामनराव जागचा हलला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद असायला हवा होता. तो काही दिसत नव्हता. रुखमाबाई तोंडाला पदर लावून उभी होती आणि तिचं सगळं लक्ष सिंधूकडे होतं.

आणि तेवढ्यात वामनरावच्या विहिरीच्या बाजूनं, लोकांच्या मधून वाट काढत, डोक्यावर घागर घेऊन प्रयागबाई आली. एवढी गर्दी पाहून तिला नवल वाटलं नाही. बागेत काही सौदा चालला असेल असं तिनं धरलं. झाडापाशी येऊन ती वामनरावला म्हणाली, "वामन, घागर उतरव बापू जरा. मान दुखून राहिली."

वामनरावनं घागर उतरवली. लहानपणापासून उतरवत आला होता. प्रयागबाईनं पदर सावरला, झाडाला हात जोडले आणि सगळी घागर त्याच्या बुडाशी ओतली. माती गटागटा प्याली.

फावडं रुपरावच्या हातात तसंच राहिलं.

"बुढे," तो म्हणाला, "हे काय करून राहिली तू?"

"अखजीपासून घालून राहिली. रोज दुपारी एक घागर. तुमी सारे झोपता तवा."

"अवं, ताण हाय ना बागेले. ठाऊक नाई का तुले?"

"ठाऊक काहून नाई? तुह्या जन्माच्या अगोदरपासून ताण पाह्यले मी." प्रयागबाईनं झाडावर हात ठेवला. "तुह्या बापाची राख इथं टाकली ना आपण. अखजीले पितराले पाणी द्यावं लागते. पाणी द्याले आली, त पान पाह्यलं. सारं वळलं होतं. जीव कळवळला. झाडाले ताण द्या बापू, माणसाले काहून देता?"

नानाजींनी टोपी काढली, आत काही आहे का पाहिलं आणि परत घातली. वामनराव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

"मले काहून नाई सांगतलं?" रुपराव म्हणाला.

"तू मले काय सांगत असतो? मी घरात शिरली का सारे तोंडाले कुलूप लावते."

रुपराव फावडं खांद्यावर टाकून पुन्हा बांधाकडे निघाला. आईनं पाणी घातलं म्हणून शपथ फिरत नाही, असं त्याच्या पाठीवरून दिसत होतं. आमच्याकडे माणूस चुकला असं कळल्यावर जास्तच सरळ चालतो. त्यानं पहिली बोराटी फावड्यानं उचलली.

वामनराव लांब ढांगा टाकत गेला आणि बांधावर उभा राहिला.

"काय करतो?"

"पाट खोलतो. धुरा फोडतो. बोललो तसं."

"पाणी कोनाचं हाय?"

"तुह्यं."

"मंग तुह्या बागेत काहून जाईन? माह्या विहिरीचं, माह्या मोटरीचं पाणी. एक थेंब देत नाई तुले. तुले बाग बुडवाची असन त सोताचं पाणी आण."

"माही मोटर बंद हाय."

"मंग मी काय करू? शेजाऱ्याच्या पाण्यावर शपथा घेतल्या का असंच होते."

रुपराव त्याच्याकडे पाहत राहिला. फावडं हळूहळू खाली आलं. बोराटी परत जिथल्या तिथं पडली. बायांच्या घोळक्यात सिंधूनं मोठ्यानं श्वास सोडला. नानाजींना वाटलं, न्याय आपल्याविना पूर्ण होऊन राहिला. तसं होऊ देणं बरं नव्हतं.

"थांबा," ते म्हणाले. "प्रयागबाई, एक सांग. पाणी तू भरलं कुठून?"

"वामनच्या पाटातून. आमची मोटर त बंद. हा चार पावलांवर पाट वाहे, इथंच बुडवे. मंग पाट सुकला, त आता त्याच्या विहिरीवरच्या टाक्यातून आणते. लय दूर पडते."

हे वाक्य लोकांच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. सगळ्यात आधी रुखमाबाईच्या शिरलं. तिचा चेहरा उतरला. झाडाला गेलेलं पाणी वामनरावचंच होतं. रुपरावची शपथ सुटली आणि वामनरावची लागू झाली. मृगापर्यंत पाट बंद. एक फळ नाही राहिलं तरी चालेल, असं तोच म्हणाला होता, मारुतीसमोर, सगळ्या गावासमोर.

नानाजींनी असा प्रश्न विचारायला नको होता, हे नानाजींच्याही लक्षात आलं. वामनराव बांधावरून खाली उतरला, दोन पावलं मागे सरला आणि आपल्या बागेकडे पाहत म्हणाला, "हव. बोललो होतो मी." त्याच वेळी एक फळ गळलं. एवढ्या माणसांत त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

आता सगळे रुपरावकडे पाहत होते. त्याच्या हातात फावडं होतं, समोर बांध होता, आणि न्याय त्याच्या बाजूनं झाला होता. त्यानं नुसतं घरी चालू लागायचं होतं. पण तो बांधापाशीच उभा होता. कपाळावरचा घाम नाकावरून खाली टपकत होता आणि तो पुसायलाही त्याचा हात उठत नव्हता.

प्रयागबाई रिकामी घागर कमरेवर घेऊन पाटाच्या कडेनं घराकडे निघाली. बांधापाशी आली, थांबली, एका पायावर उभी राहिली आणि वामनरावच्या खांद्याचा आधार घेऊन तिनं तळव्यातला काटा उपटला.

"रुप्या."

"काय वं बुढे?"

"ह्या बोराट्या कोन्या गाढवानं टाकल्या पाटात? पायात रुतून राहिल्या. तेवढ्या उचल बरं. उद्या मले इथूनच पाणी न्याचं हाय."